दगडफुलाचं वय

१

आदल्या रविवारपर्यंत एकेचाळीस नंबरचा दगड बाकीच्या दगडांसारखाच होता. हिरवट, करडा, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहू नये असा. या रविवारी सकाळी सातला डॉक्टरबाई बादली घेऊन मागच्या भिंतीपाशी पोचल्या, तेव्हा धुक्यात सगळ्यांत आधी तोच दिसला. पांढराफटक पडला होता.

डॉक्टरबाई दातांच्या. चाळीस वर्षं त्यांनी जिवंत माणसांच्या दातांवरचं कीटण काढलं आणि दवाखाना बंद केल्यावर या जुन्या दफनभूमीत मेलेल्यांच्या दगडांवरचं काढायला लागल्या. इथले पेशंट ओरडत नाहीत आणि दिलेल्या वेळेला जागेवर असतात, असं त्या म्हणायच्या. दफनभूमीचा हा भाग सत्तर वर्षांपूर्वीच बंद झालेला. इथल्यांची चौकशी करायला येणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पाच जण दर रविवारी येऊन एकेक दगड धुऊन वाचता येण्याजोगा करत. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची खोड असलेली माणसं सगळीकडे असतात, तशी इथेही होती.

दगडावर लहान मुलीच्या नावाची दोन ओळींची अक्षरं होती. वय चार महिने, आणि नव्वद वर्षांपूर्वीचं साल. आता तिथे काहीच नव्हतं. डॉक्टरबाईंनी बोट फिरवलं, तर बोटाला पीठ लागलं. वास घेतला आणि नाक मागे घेतलं. न्हाणीघर धुवायचं ॲसिड. चुनखडीच्या दगडावर ॲसिड ओतणं म्हणजे किडीचा डाग घालवायला अख्खा दात विरघळवणं. ज्यानं कुणी हे केलं, त्याला दगड स्वच्छ करायचा नव्हता. त्याला तो मुका करायचा होता.

बाकीचे चौघे आले. मंडळीचे म्होरके हेडसर, ऐंशीला टेकलेले निवृत्त मुख्याध्यापक, डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. फुटलेले दगड सांधणारा पाथरवट. प्रत्येक दगडाचे फोटो काढणारा फोटोवाला. आणि शिंपीणताई, पंचेचाळिशीची, जी दर रविवारी याच दगडापुढे एका बरणीत फुलं ठेवायची. या तान्हीला कुणी नाही म्हणून. ती खाली बसली आणि बरणीकडे पाहत राहिली.

"पोरांचा उपद्रव," हेडसर म्हणाले. "ही ओळ आता बंद ठेवू. फाटकाला कुलूप घालू."

डॉक्टरबाई मात्र वाकून दगडाची कड पाहत होत्या. ॲसिड वरून ओतलं की खाली ओघळ उतरतात, आणि ते ओघळ जन्मात जात नाहीत. या दगडावर एकही ओघळ नव्हता. कुणीतरी आधी दगड पाण्यानं भिजवला होता, मग तळापासून वर, वीत-वीत करत ॲसिड लावलं होतं, आणि शेवटी शेजारच्या दगडांना शिंतोडे लागू नयेत म्हणून तेही धुतले होते. ही पद्धत इथे दोन वर्षं दर रविवारी घोकली जात होती. खालून वर, आणि शेजाऱ्याला सांभाळून.

फुलांच्या बरणीवर एकही शिंतोडा नव्हता, म्हणजे ती काम चालू असताना बाजूला ठेवली होती आणि काम झाल्यावर परत जागेवर आणून ठेवली होती. हे पोरांचं काम नव्हतं. ते या मंडळीतल्याच कुणाचं तरी होतं.

२

गेल्या रविवारी चहा पिताना काय बोलणं झालं, ते डॉक्टरबाईंनी घरी बसून आठवलं. बोलल्या त्याच होत्या. हेडसर ऑपरेशनमुळे दोन रविवार आले नव्हते, तेव्हा बाईंनी सावली पाहून भिंतीकडची ओळ आपणच सुरू केली होती. सरांच्या यादीत ती ओळ सगळ्यांत शेवटी होती. सर परत आले, त्या दिवशी बाईंनी सहज विषय काढला होता की, एकेचाळीसवरचं दगडफूल एवढं लहान कसं? शेजारच्या नव्वद वर्षांच्या दगडांवर दगडफुलाचे गोल बशीएवढे आहेत, आणि याच्यावर बाटलीच्या झाकणाएवढे. दगडफूल, म्हणजे दगडाला चिकटलेला तो करडा पापुद्रा, वर्षाला केसभर वाढतं. ते कुणासाठी घाई करत नाही आणि कुणासाठी थांबत नाही.

त्यावर पाथरवट म्हणाला होता की, धुऊन झालं की सांगतो, छिन्नी कुठल्या हाताची आहे ते. मग विषय दुसरीकडे गेला होता. सात दिवसांत दगडफूलही गेलं आणि छिन्नीच्या खुणाही गेल्या.

बाई आधी फोटोवाल्याकडे गेल्या. दुकानात त्यानं आपल्या प्रदर्शनासाठी आधीचे आणि नंतरचे फोटो जोड्या लावून टांगले होते, आणि तोंड सुरू झालं की बंद होत नव्हतं. एकेचाळीसचा आधीचा फोटो? काढला होता की. छापून दफनभूमीतल्या खोलीतल्या वहीत चिकटवला होता. मूळ फोटो ठेवायची त्याला सवय नव्हती, छापले की पुसायचे. बाईंनी वही पाहिली होती. चाळीसनंतर बेचाळीस होतं. मधलं पान पात्यानं सरळ कापून काढलेलं होतं.

"माझ्यावर संशय घेताय की काय?" तो हसत म्हणाला. "मला पांढरा दगड काय कामाचा? फोटोत नुसता चुन्याचा ठिपका दिसतो. आणि ब्रश तर मी आयुष्यात हातात धरला नाही. तुम्हीच नेहमी ओरडता."

ते खरं होतं. पद्धत त्याला पाठ होती, पण बादली उचलायची वेळ आली की त्याच्या कंबरेत उसण भरायची.

पाथरवटाच्या अंगणात ॲसिडचे दोन कॅन उघड्यावरच पडले होते. त्यानं ते लपवलेही नाहीत. ग्रॅनाइटवरचं सिमेंट काढायला लागतं, म्हणाला. आणि मग, जरा घुश्शातच, एक गोष्ट सांगितली. अक्षरं घालवायची असती, तर त्यानं छिन्नीनं दहा मिनिटांत घालवली असती. ॲसिडनं तासभर झटापट करतो तो माणूस दगडकाम न येणारा.

"पण बाई," तो निघताना म्हणाला, "ती अक्षरं मी मान वाकडी करून एकदा पाहिली होती. शिकलेल्या हाताची नव्हती. नव्वद वर्षांपूर्वी इथली सगळी अक्षरं माझ्या पणजोबांनी कोरली. ही त्यांची नव्हती. मग कुणाची?"

३

शिंपीणताईचं दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. शिवणयंत्र, कापडाच्या चिंध्या, टाचण्या उचलायचं एक लोहचुंबक, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली तिची ऐंशी वर्षांची आई. ताईनं आईला आतल्या खोलीत नेऊन बसवलं आणि मगच बोलायला सुरुवात केली.

तिची मोठी बहीण एकतीस वर्षांपूर्वी गेली. गेली म्हणजे नाहीशी झाली. बावीस वर्षांची होती, हेडसरांच्या शाळेच्या कचेरीत टंकलेखनिक. एका संध्याकाळी परत आलीच नाही. तिसऱ्या दिवशी टपालानं टाइप केलेली चिठ्ठी आली: मी स्वखुशीनं जाते आहे, शोधू नका. खाली नावसुद्धा टाइपच केलेलं. वडील त्या धक्क्यातून उठले नाहीत. आईनं त्या दिवसापासून तिचा विषय टाकला. कुणी विचारलं, तर आपल्याला एकच मुलगी आहे असं सांगायची.

"मला एवढंच कळायला हवं होतं, की ती आम्हाला टाकून का गेली," ताई म्हणाली. "मी चौदा वर्षांची होते. आदल्या दिवशी मी तिची ओढणी न विचारता घेतली होती. कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्याच रागानं गेली."

बाईंनी पोलिसांचं विचारलं. पोलिसांत गेलेच नव्हते. हेडसरांनी समजावलं होतं. बिचारे स्वतः घरी आले होते, वडिलांचा हात धरून म्हणाले होते की मुलगी सुखात असेल, बोभाटा केलात तर धाकटीचं कसं व्हायचं? फार चांगला माणूस, ताई म्हणाली. नऊ वर्षांपूर्वी दफनभूमी सपाट करून तिथे बाग करायचं चाललं होतं, तेव्हा दारोदार सह्या गोळा करून यांनीच ती वाचवली. आणि गेल्या दोन वर्षांपासून ही मंडळी.

आतून आईचा आवाज आला. कोण आलंय, कशाला आलंय, आणि जुनं उकरायचं काही कारण नाही. बाई उठल्या. दारात त्यांना वाटलं, आपल्या मनात पाल चुकचुकली ती नक्की कशामुळे? पण नेमकं बोट ठेवता येईना.

४

हेडसरांचं घर दफनभूमीच्या मागच्या भिंतीला लागूनच. त्यांच्या परसातलं लहान दार सरळ जुन्या भागात उघडतं. खाली बंद खोल्या, वर सर एकटेच. दगडी जिना, त्याला लोखंडी गजांचा कठडा. बाई जिना चढायला लागल्या आणि त्यांचा पाय अडला. तोल सावरायला त्यांनी कठड्याकडे हात टाकला, तर तिथे गजच नव्हता.

"सांभाळून," वरून सरांचा शांत आवाज आला. "तिसरी पायरी फसवी आहे. सगळे तिथेच अडखळतात."

सरांनी चहा केला. पुस्तकं कपाटात उंचीप्रमाणे लावलेली, टेबलावर झाकण घातलेला जुना टाइपरायटर, खिडकीतून दिसणारे दगड. चष्मा त्यांनी काढला होता आणि ऑपरेशन झालेला डोळा लालभडक होता. बाईंनी विचारलं, तेव्हा थेंब झोंबतात म्हणाले. दातांच्या असल्या, तरी बाई डॉक्टर होत्या. डोळ्याच्या थेंबांनी पापणीची बाहेरची कातडी भाजत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

एकेचाळीसबद्दल सरांना काही बोलायचंच नव्हतं. मेलेल्यांना आपण खूप त्रास दिला, म्हणाले. काही दगड न वाचलेलेच बरे. हे त्यांनी इतक्या मऊपणानं सांगितलं, की क्षणभर बाईंना ते पटलंही.

"मुलीचं आयुष्य चार महिन्यांचं," सर खिडकीकडे पाहत म्हणाले. "तिची चौकशी करणारं कुणी जन्मालाच आलं नाही. मग तुम्हाला एवढी ओढ का?"

बाईंनी कप खाली ठेवला आणि उठल्या. जिना उतरताना त्यांनी पायऱ्या पाहिल्या. बाकीच्या सगळ्या पिवळसर चुनखडीच्या, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेल्या. तिसरी करड्या सिमेंटची आणि बोटभर उंच. घरं जुनी झाली की पायऱ्या बदलाव्याच लागतात. असं स्वतःला सांगत त्या परसातल्या दारानं दफनभूमीत शिरल्या आणि एकेचाळीसपाशी थबकल्या.

पांढऱ्या दगडावर, उजव्या कडेला, एक लाल ठिपका उमटला होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठिपका रुपयाएवढा झाला होता आणि त्याच्यातून एक तांबूस रेघ खाली ओघळली होती. बाईंनी सरांखेरीज बाकीच्या तिघांना बोलावून घेतलं. शिंपीणताईनं तो डाग पाहिला आणि तिची पाचावर धारण बसली. फोटोवाला तर लांबूनच फोटो काढून निघून गेला. पाथरवटानं ओल्या फडक्यानं डाग पुसला. पुसून झाल्यावर सगळे पाहत उभे राहिले. धुकं होतं, वारा नव्हता, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू परत आला.

"दगड रडतोय," ताई म्हणाली.

डॉक्टरबाईंनाही भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण भीती वाटली की जवळ जाऊन बघायचं, ही त्यांची जुनी सवय. रुग्णाच्या तोंडातून रक्त आलं, की डॉक्टरनं लांब पळून कसं चालेल? त्यांनी पिशवीतून दात तपासायची बारीक आकडी काढली आणि ठिपक्याच्या मधोमध टोचली. आजूबाजूचा दगड ठिसूळ होता. ठिपका कडक होता. आकडी आत शिरेना.

"तुझं टाचण्यांचं लोहचुंबक आण," त्या ताईला म्हणाल्या.

ताईनं धावत जाऊन आणलं. बाईंनी ते दगडाजवळ नेलं, आणि खट् असा आवाज झाला. चुंबक दगडाला चिकटलं. बाईंनी हात काढला, तरी ते तिथेच राहिलं, ठिपक्यावर, आपणहून. ताईनं तोंडावर हात ठेवला.

"घाबरू नकोस. आत लोखंड आहे," बाई म्हणाल्या. "दगडात गज रोवलेला होता. बाहेरचा भाग कापून टाकलाय आणि खळगा गिलाव्यानं बुजवलाय. ॲसिडनं गिलावा खाल्ला आणि गंज बाहेर आला. एवढंच."

पण ते एवढंच नव्हतं. कारण कबरीच्या दगडात लोखंडी गज कशाला रोवतील? तो रोवतात कठड्यासाठी. आणि कठडा असतो जिन्याला.

६

पाथरवटानं दगडाच्या मागची माती काढली. जुने दगड आपल्या उंचीचा तिसरा हिस्सा जमिनीत असतात, त्याच्या पणजोबांचा तसा नेमच होता. हा जेमतेम वीतभर आत होता. मागची बाजू भिंतीकडे होती, तिथे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पाथरवटानं चिखल पुसला आणि हात मागे घेतला.

दगडाच्या पाठीवर कडेला आरपार गेलेल्या गजाचं कापलेलं दुसरं टोक होतं, आणि मधोमध एक रुंद, गुळगुळीत खळगा होता. पावलांनी झिजलेला. शंभर वर्षं माणसं त्यावरून चढली-उतरली होती.

"ही पायरी आहे," पाथरवट म्हणाला. "कुणीतरी उभी करून तिचा कबरीचा दगड केलाय."

डॉक्टरबाई भिंतीला टेकून बसल्या. दगडफुलाचं वय त्यांनी मनात परत मोजलं. भिंतीची डागडुजी एकतीस-बत्तीस वर्षांपूर्वी झाली होती, तिथल्या दगडावर साल कोरलेलं होतं आणि त्याच्यावर दगडफूल तेवढंच होतं, बाटलीच्या झाकणाएवढं. म्हणजे हा दगड नव्वद वर्षांचा नव्हताच. सत्तर वर्षं बंद असलेल्या दफनभूमीत एकतीस वर्षांपूर्वी कुणीतरी हा रोवला होता. तान्ह्या मुलीचा दगड, म्हणजे लहान असला तरी कुणी काही म्हणणार नाही. नव्वद वर्षांपूर्वीचं साल, म्हणजे कुणी वारस येणार नाही. आणि वर दगड असला, की खाली कुणी खणत नाही.

शिंपीणताई समोर उभी होती. ती हुशार बाई होती, तिला एकतीस हा आकडा कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं बरणी उचलून छातीशी धरली. दोन वर्षं ती इथे फुलं ठेवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण काखेतला कळसा असा असू शकतो, हे म्हण करणाऱ्यालाही ठाऊक नसेल.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "ही पायरी कुणाच्या घरची?"

७

दुपारी बाई परत सरांच्या घरी गेल्या. पाथरवट जिन्याखाली थांबला. ताईनं वर यायचा हट्ट धरला नाही. ती पोलिसांकडे गेली होती, एकतीस वर्षं उशिरा.

सरांनी या वेळी चहा केला नाही. बाईंच्या चपलांची माती पाहिली आणि खुर्चीत बसले.

"तुम्ही गप्प राहिला असतात तर मी विसरले असते, सर," बाई म्हणाल्या. "दगडफूल लहान का, हा रिकामटेकड्या बाईचा प्रश्न होता. पण चोराच्या मनात चांदणं. तुम्ही वहीतलं पान कापलंत, ॲसिड ओतलंत आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत. तेही खालून वर लावलंत, शेजारचे दगड धुतलेत. दोन वर्षं आम्हाला शिकवलेलं तुमच्या हातानं सोडलं नाही. पाथरवट छिन्नी वापरतो, फोटोवाला बादलीला शिवत नाही, आणि ताई त्या दगडाला लेकरासारखं जपते. उरलो तुम्ही आणि मी. ॲसिडची वाफ तुमच्या डोळ्यात गेलीय, माझ्या नाही. ओळ यादीत शेवटी ठेवली होती तुम्ही. मी ती आधी घेतली, कारण तुम्ही नव्हता. ताईच्या बहिणीची चिठ्ठी टाइप केलेली होती, आणि टाइपरायटर तुमच्या टेबलावर आहे. आणि तुमच्या जिन्याला मूळची तिसरी पायरी नाही, तिच्यावरचा गज नाही. ती दोन्ही खाली उभी आहेत, दगड होऊन."

सरांनी उठून खिडकी लावून घेतली. मग त्यांनी सगळं सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं, सलग आणि न अडखळता. परीक्षेचे पेपर फुटू नयेत म्हणून ती मुलगी शाळेऐवजी इथे, या घरी येऊन टाइप करायची. पेपर फुटत होते ते याच घरातून. शाळा चालवणाऱ्या मोठ्या लोकांच्या मुलांना सर ते आधी देत होते. तिच्या ते लक्षात आलं. उद्या सगळ्यांना सांगणार, म्हणाली, आणि पिशवी घेऊन निघाली. सरांनी जिन्यात तिचा हात धरला. तिनं तो झटकला.

"डोकं तिसऱ्या पायरीवर आपटलं," सर म्हणाले. "दगडात रक्त मुरलं. मी आठ दिवस घासलं. वरून घासलं, ते खाली ओघळलं. तेव्हा मला कळलं की दगड कसा धुवायचा असतो."

"ती लगेच गेली?"

सरांनी पहिल्यांदाच नजर खाली घातली. "अर्धा तास श्वास होता."

"आणि तुम्ही?"

"मी वरच्या पायरीवर बसून होतो."

चाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळ वेदना पाहिल्या होत्या, पण त्यांच्याशेजारी असा बसून राहिलेला माणूस पाहिला नव्हता. त्यांना त्याचा राग आला, साधा, सरळ राग, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"तिच्या बहिणीनं तो दगड निवडला, तेव्हा वाटलं, संपलं आता," सर सांगत होते. "पण ती फक्त फुलं ठेवायची. मी ती बरणी कधी हलवली नाही. त्या दिवशीसुद्धा परत ठेवली. तेवढं मी केलं."

"पुरे," बाई म्हणाल्या. त्यांना आणखी एकच विचारायचं होतं, कारण ते विचारणारं कुणीतरी दुसऱ्या एका घरात बसलं होतं. "ती इथून निघाली तेव्हा किती वाजले होते?"

"सव्वासहा," सर म्हणाले. त्यांना आठवावंही लागलं नाही.

खाली फाटकाचा आवाज झाला आणि जिन्यावर बुटांचे आवाज आले. तिसऱ्या पायरीवर कुणीतरी अडखळलं.

८

पोलिसांनी दगड काढला आणि खाली खणलं. जे होतं ते मिळालं. ओळख पटवायला घरचं माणूस लागणार होतं, आणि ते आईला सांगितल्याशिवाय व्हायचं नव्हतं. ताईची जीभ उचलत नव्हती, म्हणून डॉक्टरबाई सोबत गेल्या.

आई खुर्चीतच होती. बाईंनी तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि रुग्णाला सांगावं तसं, हळू पण काही न फिरवता, सांगितलं. मुलगी पळून गेली नव्हती. चिठ्ठी तिनं लिहिली नव्हती. तिला वाईट गोष्ट दिसली, तिनं ती तोंडावर सांगितली, आणि जिन्यात तिला पकडलं, तिथे ती पडली. अर्ध्या तासाचं बाईंनी सांगितलं नाही. पोलिसांच्या कागदांत ते आलंच असतं. पण आज नको, असं त्यांनी ठरवलं, आणि या एका लपवाछपवीची त्यांना लाज वाटली नाही.

आई ऐकत होती. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. ताई तिच्या पायाशी बसून रडत होती, तिच्याकडेही आईनं पाहिलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "किती वाजता?"

"सव्वासहाला निघाली होती," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आईनं बोटांवर काहीतरी मोजलं. मोठा रस्ता, बाजाराचा चौक, मग गल्ली. एकतीस वर्षांपूर्वीच्या चालत्या पावलांचा हिशेब तिनं दोनदा केला.

"सातला येते म्हणाली होती," ती म्हणाली. "म्हणजे घरीच यायला निघाली होती. उशीरसुद्धा केला नव्हता तिनं."

मग तिचा बांध फुटला. इतकी वर्षं मी पोरीला बोल लावत बसले, एवढंच ती परत परत म्हणत होती, आणि ताई तिला घट्ट धरून होती. डॉक्टरबाई उठून खिडकीशी गेल्या. त्यांना स्वतःलाही पदर लागला.

बाहेर पोलिसांची गाडी थांबलेली होती. आतला माणूस दारात येऊन अदबीनं म्हणाला की घाई नाही, उद्या आलात तरी चालेल. आईनं डोळे पुसले आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती उभी राहिली. ताईनं तिला बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं तिचा हात बाजूला केला.

"माझ्या चपला दे," ती म्हणाली. "तिला आणायला जायचंय."